सान, साम, साँ : दक्षिण चीनच्या बोलींत सारखं काय, वेगळं काय?

चाफेकळी

सिंगापुरात राहायला येऊन आम्हाला ११ वर्षं झाली. आमच्या शेजारी एक आजी राहतात, वय ८२. मजल्यावरचे सगळे त्यांना 'आमा' म्हणतात, म्हणून आम्हीही. लेक लहान असताना लिफ्टची वाट बघत उभी राहिली की आमा तिचं बोट धरून मजल्यांचे आकडे मोजायच्या : चित्, नङ्, साँ, सी, गो, लाक्. दहाला 'चाप्', आणि तो 'च' आपल्या 'चांगला'मधला, 'चार'मधला नाही. लेकीने ते सगळं जसंच्या तसं उचललं. मग बालवाडीत मँडरिनचा, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचा तास सुरू झाला. तिथे तिने हौसेने दहापर्यंत मोजून दाखवलं, तर बाई म्हणाल्या, दहाला 'श' म्हणतात, 'चाप्' असं काही नसतं. घरी आली ती मुसमुसतच. "आई, आमाला चुकीचं येतं का गं?"

आमाला चुकीचं येत नाही, एवढं मी तिला सांगितलं. पण नेमकं काय येतं, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर जमेल तसं वाचत गेले, आमाकडे बसून ऐकत गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आमा होक्किएन बोलतात. फुजियान प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरची, शियामेन आणि च्वानचौ भागातली ही भाषा. शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये कँटनीज. या दोन प्रांतांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात हक्का, तिचं प्रमाण रूप मेइशिएन गावचं मानतात. शांघायकडची वू, हुनानमधली शियांग, जिआंग्शीमधली कान याही यांगत्सेच्या आसपासच्या आणि दक्षिणेकडच्या, पण माझं ऐकणं होक्किएन, कँटनीज आणि हक्का या तीन भाषांचंच, म्हणून त्यांच्यापुरतंच लिहिते. आधी आकडे बघा :

मँडरिन : ई, अर, सान, स्स, वू, लिउ, छी, पा, चिउ, श
कँटनीज : यत्, यी, साम, सेइ, ङ्, लुक्, छत्, पात्, काउ, सप्
हक्का : यित्, ङी, साम, सी, ङ्, लिउक्, छित्, पात्, किउ, सप्
होक्किएन : चित्, नङ्, साँ, सी, गो, लाक्, छित्, पेः, काउ, चाप्

हलन्त दिलाय तिथे हवा सोडायची नाही. आपण 'साप' म्हणतो तेव्हा शेवटी ओठ पुन्हा उघडतात आणि प सुटतो. यांचा 'सप्' म्हणताना ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात.

आता सहाचा आकडा वरून खाली वाचा. मँडरिन सोडली तर तिन्हीकडे शेवटी क्. दहाला तिन्हीकडे प्. एकला आणि सातला त्. हे क्, त्, प् एके काळी उत्तरेतही होते. इ.स. ६०१ मध्ये 'छिएयुन' नावाचा यमककोश तयार झाला, त्यात असे शब्द वेगळे लावून ठेवलेले आहेत. पुढे उत्तरेत ते गळाले, दक्षिणेत टिकले. जपानने चिनी आकडे उचलले तेव्हाही ते होते, म्हणून जपानी सहा 'रोकु' आणि आठ 'हाचि'. कोरियात दहाला 'सिप' म्हणतात. म्हणजे आमाचा 'चाप्' हा 'श'चा बिघडलेला अवतार नव्हे. उलट त्यातला तो मिटलेला प् 'श'ने केव्हाच गमावलाय.

आपल्यालाही हे आवाज नवे नाहीत. शाळेत इतिहासात सन्यत्सेन वाचला ना? त्यातला 'यत्' कँटनीज आहे, मँडरिनमध्ये त्याच अक्षरांचा उच्चार 'सुन यी-शिएन' होतो. चँग कै-शेकमधला 'कै-शेक'सुद्धा कँटनीज. मँडरिनमध्ये 'चिए-श', क् गायब.

इथवर वाचून वाटेल की दक्षिणेकडच्या सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आणि मँडरिन तेवढी परकी. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पाचाचा आकडा बघा. कँटनीज आणि हक्कात नुसता 'ङ्', होक्किएनमध्ये 'गो'. कढईला कँटनीज आणि हक्का दोन्हींत 'वोक्', आमा मात्र 'तिआँ' म्हणतात. प्राचीन चीनमध्ये तीन पायांचं जे भांडं होतं त्याचंच हे नाव, होक्किएनने ते रोजच्या कढईला ठेवलं. जेवण्याला तिघींचा धातू एक (कँटनीज 'सिक्', हक्का 'सत्', होक्किएन 'चिआः') आणि मँडरिनचा वेगळाच, 'छ'. म्हणजे कोण कोणाच्या जवळ, याचं उत्तर तुम्ही कोणता शब्द हातात घेता त्यावर बदलतं. मला यातलं हेच फार आवडतं, आणि याच्यासाठीच धागा काढला.

हाँगकाँग, तैवान, मलेशिया किंवा ग्वांगझूकडे राहिलेल्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

दर्यावर्दी

धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. एक शंका. लिपी तर सगळ्यांची एकच आहे ना? मग या बोलीच झाल्या. मालवणी माणूस आणि पुणेकर एकच वर्तमानपत्र वाचतात, घरी वेगळं बोलतात, तसं काहीसं?

भाषावेडा

दर्यावर्दी, ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'तो नाहीये' किंवा 'तो तो नव्हे' एवढं छोटं वाक्य घ्या. मँडरिन : 'था पु श'. कँटनीज : 'खोइ म् हाइ'. दोन्हीकडे तीनच अक्षरं, आणि त्यातलं एकही सामायिक नाही. 'तो'साठी वेगळं, 'न'साठी वेगळं, 'आहे'साठी वेगळं. हक्का : 'की म् हे', म्हणजे कँटनीजच्या जोडीला. होक्किएन : 'ई म् सी'. यातला नकार दक्षिणेचा, पण 'सी' हा मँडरिनच्या 'श'चाच सख्खा भाऊ. चाफेकळी म्हणतात ते इथे तीन अक्षरांत दिसतं.

मग एकच वर्तमानपत्र सगळे कसे वाचतात? कारण औपचारिक लेखन मँडरिनच्या व्याकरणाने होतं. हाँगकाँगचं पोर शाळेत 'था पु श' ही अक्षरं कँटनीज उच्चारांनी वाचतं, पण घरी तसं कधीच बोलत नाही. कँटनीज बोलते तशी लिहायची तर तिच्यासाठी खास अक्षरं आहेत. हाँगकाँगमध्ये जाहिराती, चित्रकथा, मोबाइलवरचे निरोप यांत ती सर्रास दिसतात. होक्किएनची तऱ्हा आणखी वेगळी. १९व्या शतकात मिशनऱ्यांनी ती रोमन लिपीत बसवली, आणि कार्स्टेअर्स डग्लस यांनी १८७३ मध्ये काढलेल्या शियामेनच्या बोलीच्या जाडजूड शब्दकोशात चिनी अक्षरंच नाहीत, सगळं रोमनमध्ये.

मालवणीचं म्हणाल तर पुणेकर आठ दिवस कुडाळात राहिला की त्याला बहुतेक कळायला लागतं. ग्वांगझूचा माणूस शियामेनला आठ दिवस राहिला तर आकडे आणि खाण्याची नावं यापलीकडे जाणार नाही. इतकंच काय, शियामेन आणि फूचौ एकाच प्रांतात, दोन्ही 'मिन' गटातल्या, तरी एकमेकींना कळत नाहीत.

चिनी शब्द आहे 'फाङ्येन', अर्थ एवढाच की 'त्या त्या भागाचं बोलणं'. त्याचं भाषांतर आपण 'बोली' असं करतो तिथेच घोटाळा होतो. भाषाशास्त्रज्ञ युआन च्याह्वा यांनी १९६० च्या सुमारास अशा बोलण्यांचे सात गट पाडले, १९८७ च्या भाषा-नकाशासंग्रहात ते दहा झाले. एकट्या यूए गटाचे, म्हणजे कँटनीज आणि तिच्या भावंडांचे, भाषक ८ कोटींच्या आसपास आहेत. महाराष्ट्रात मराठी बोलणाऱ्यांच्या संख्येच्या जवळ जाणारी ही संख्या.

दर्यावर्दी

तीन अक्षरांचं उदाहरण पटलं. धन्यवाद.

इचलकरंजीचा

मी लेस आणि भरतकामाच्या पट्ट्या आयात करायचो. २००६ ते २०१५ वर्षातून दोनदा ग्वांगझू ठरलेलं. १९५७ पासून भरणारं कँटन फेअर हे व्यापारी प्रदर्शन आटोपलं की मी चोङ्ता कापडबाजारात जाऊन बसायचो. ज्या कुटुंबाकडून माल घ्यायचो ते मूळचं शांतौचं. तिथली भाषा तिओच्यू, म्हणजे चाफेकळींच्या आमांच्या होक्किएनची चुलत बहीण.

त्या दुकानाचा गाळा दहा बाय बाराचा असेल. मालक गल्ल्यावर, बायको मागे कात्री आणि मोजपट्टी घेऊन, दारात हातगाडीवाला. मालक बायकोला तिओच्यूत विचारणार, किती मीटर शिल्लक आहे. हातगाडीवाल्याला कँटनीजमध्ये सांगणार, गाडी बाजूला घे. माझ्याशी मँडरिन. तिन्ही वाक्यं एका श्वासात, आणि भाषा बदलली की आवाजाची पट्टीसुद्धा बदलायची. चहाचे छोटे छोटे पेले सारखे भरले जायचे (तिओच्यू लोकांचं चहावाचून पान हलत नाही) आणि तो चहा ते 'पीत' नसत, 'खात' असत. 'चिआः-ते', म्हणजे चहा खा. होक्किएनमध्येही असंच म्हणतात असं नंतर कळलं.

मी तीन-चार गोष्टी तिथेच शिकलो. कँटनीजमध्ये 'किती पैसे' हे 'केइ तो छिन'. मँडरिनमध्ये 'तुओ शाओ छिएन'. 'पैसे' तोच, पण 'किती' निराळा. भाव कमी करायला 'पेङ् ती', आणि एवढं कँटनीजमध्ये म्हटलं की म्हातारे दुकानदार कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हसायचे.

शब्दांची जागासुद्धा वेगळी. 'तुम्ही आधी चला' हे मँडरिनमध्ये 'नी शिएन चौ', म्हणजे तू-आधी-चल, अगदी आपल्यासारखं. कँटनीजमध्ये 'नेइ हाङ् सिन', तू-चल-आधी. त्यातला 'हाङ्' म्हणजे चालणे, तोच जुना शब्द तिओच्यूवाल्यांकडे 'किआँ' होतो. मँडरिनमध्ये चालणे 'चौ' आहे, पण दक्षिणेत त्याच शब्दाचा जुना अर्थ टिकलाय : धावणे, पळ काढणे. कोंबडा हा मँडरिनमध्ये 'नर-कोंबडी' ('कुङ्-ची') आणि दक्षिणेत सगळीकडे 'कोंबडी-नर' : कँटनीज 'काइ-कुङ्', होक्किएन 'के-काङ्'. याचं कारण जाणकार सांगतील का?

भाषावेडा

इचलकरंजीकर, पूर्ण खात्रीचं कारण कुणी देत नाही, पण एक भक्कम अंदाज आहे. थाई आणि ग्वांगशीमधली च्वांग या भाषांत विशेषण नामाच्या मागून येतं. हान (म्हणजे मूळ चिनी भाषक) लोक दक्षिणेत उतरले तेव्हा तिथे अशाच भाषा बोलणारे लोक होते. त्यांनी चिनी उचलली तेव्हा आपली घडण काही जागी तशीच ठेवली असावी. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, मराठीवरही कन्नड-तेलुगूचा असाच हात फिरलेला आहे.

आता चहाकडे येतो, कारण त्यात सगळी मेख आहे. मिन गटात (होक्किएन, तिओच्यू) चहा 'ते'. कँटनीज, हक्का, मँडरिन तिन्हींत 'छा'. डच व्यापाऱ्यांनी शियामेनकडच्या उच्चाराने माल नेला म्हणून पश्चिम युरोपात 'ते', 'टी' पसरलं. पोर्तुगीज मकावला कँटनीजच्या शेजारात होते म्हणून ते 'शा' म्हणतात, आणि आपला 'चहा'ही त्याच 'छा'च्या घराण्यातला.

पण हा फक्त चहापुरता योगायोग नाही. बांबू मँडरिनमध्ये 'चू', कँटनीजमध्ये 'चुक्', होक्किएनमध्ये 'तिक्'. डुक्कर 'चू', 'च्यू', आणि होक्किएनमध्ये 'ती'. बाकीच्यांच्या 'च'च्या जागी मिन गटात 'त' येतो, तो असा नियमाने. ६०१ च्या त्या यमककोशात या शब्दांचा वेगळा वर्ग आहे, आणि तो ध्वनी आपल्या ट-ड सारखा, जीभ मागे वळवून काढलेला असावा असं अभ्यासक मानतात. पुढे सगळीकडे त्याचा च-छ झाला. मिनमध्ये झालाच नाही. तसंच दात ओठाला लावून म्हणायचा 'फ'. उडणे कँटनीज-मँडरिनमध्ये 'फेइ', होक्किएनमध्ये 'पे'. मिनमध्ये तो फ नाहीच. म्हणून मिन ही त्या यमककोशाच्याही आधी मुख्य प्रवाहातून फुटली असं मानतात. कँटनीज आणि हक्का नंतरच्या.

मग होक्किएनमध्ये बाकीच्यांशी जुळणारे शब्द इतके कसे? याचं उत्तर मराठी माणसाला चटकन कळेल, कारण आपल्याकडे तत्सम आणि तद्भव आहेत. हस्त आणि हात, क्षेत्र आणि शेत. होक्किएनमध्ये एकाच अक्षराचे असेच दोन उच्चार असतात. मोजताना तीन 'साँ', ग्रंथातल्या शब्दात तोच 'साम'. डोंगर बोलताना 'सुआँ', पोथीत 'सान'. माणूस 'लाङ्' आणि 'जिन'. बोलीतला उच्चार त्यांचा वडिलोपार्जित, दुसरा परीक्षा देणाऱ्या पंडितांबरोबर राजधानीकडून आलेला. फरक इतकाच की आपले तत्सम शब्द जुन्या भाषेचे आणि तद्भव झिजलेले. होक्किएनमध्ये उलट, घरगुती उच्चार हा बहुतेकदा पोथीतल्यापेक्षा जुना थर असतो.

चाफेकळी

किती सुंदर! आमा रोज सकाळी उदबत्ती लावताना 'ओमीतोहुत्' म्हणतात, ते अमिताभ बुद्ध हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

भाषावेडा

आणि त्यातला 'हुत्' म्हणजे आपला 'बुद्ध'च. कँटनीज 'फत्', हक्का 'फुत्', जपानी 'बुत्सु'. 'द्ध'च्या जागी बसलेला तो त् दक्षिणेत अजून आहे. मँडरिनमध्ये 'फो' उरलं.

स्वरा_मिरज

सुरांबद्दल, म्हणजे पट्टी बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो त्याबद्दल, कोणीच काही लिहिलं नाही. मी गाते, म्हणून विचारते. मँडरिनमध्ये चार सूर हे माहीत आहे. दक्षिणेत किती? आणि मग गाणी कशी गातात, चाल आणि सूर यांचा झगडा होत नाही?

भाषावेडा

कँटनीजमध्ये सहा. मिटलेल्या अक्षरांचे तीन वेगळे धरले तर नऊ, जुनी गणना तशीच आहे. नुसता 'सी' घ्या : वरचा सपाट म्हणजे कविता, चढता म्हणजे इतिहास, मधला सपाट म्हणजे प्रयत्न, अगदी खाली उतरता म्हणजे वेळ, खालून चढता म्हणजे बाजार, खालचा सपाट म्हणजे काम. मेइशिएनच्या हक्कात सहा, होक्किएनमध्ये सात.

हे सूर इतके वाढले कसे, त्याचा मासला भारतातच आहे. पंजाबी माणसाचा 'घोडा' कान देऊन ऐका. त्याचा 'घ' जाऊन 'क' झालाय, आणि गेलेल्या घोषाच्या (ग, घ, ब म्हणताना घशात होणाऱ्या कंपाच्या) बदल्यात सूर खाली उतरलाय. दक्षिण चीनमध्येही तेच : ग, द, ब गेले, क, त, प झाले, आणि प्रत्येक जुन्या सुराचे वरचा आणि खालचा असे दोन झाले. शांघायकडच्या वूमध्ये ते घोष ध्वनी अजून ऐकू येतात. होक्किएनमध्येही 'ब' आणि 'ग' आहेत, पण ते म आणि ङ पासून नव्याने झालेले. 'गो' म्हणजे पाच, बाकीच्यांचा 'ङ्', तो याच वाटेने. आपल्या कानाला प, फ, ब तिन्ही वेगळे कळतात, म्हणून मराठी माणसाला होक्किएनचा उच्चार मँडरिनवाल्यापेक्षा लवकर जमतो.

गाण्याचं : कँटनीजमध्ये गीतकार चालीवर शब्द बसवताना सुरांचा चढउतार सांभाळतोच. चाल वर जाते तिथे वरच्या सुराचा शब्द. नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच अर्थ लागतो. मँडरिन गाण्यांत एवढी बंधनं पाळत नाहीत. होक्किएनमध्ये आणखी एक गुंता आहे, तिथे जवळजवळ प्रत्येक अक्षराला दोन सूर असतात, एक एकटं असताना आणि एक पुढे शब्द जोडला की. नुसता 'ते' (चहा) चढता, पण 'चहाची किटली' म्हणताना त्यातला 'ते' सपाट होतो.

स्वरा_मिरज

म्हणजे बंदिशीत शब्द समेवर आणण्याइतकंच बारीक काम. ऐकायला सुरुवात करते.

टोरोंटोची_मावशी

आमच्या इथे 'हक्का चायनीज' अशा पाट्यांची हॉटेलं जागोजागी आहेत, आणि ती चालवणारे पुष्कळ जण कोलकात्याच्या टांगरा भागातून आलेले. त्यांचे पूर्वज मेइशिएनकडून आले, चामडं कमावण्याचा धंदा केला. १९६२ च्या युद्धानंतर कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, नंतर अनेकांनी देश सोडला. ज्या बाईंकडे मी दर शुक्रवारी जाते त्या माझ्याशी हिंदी बोलतात, नवऱ्याशी हक्का आणि भाजी चिरणाऱ्या मदतनिसाशी बंगाली.

त्यांना मी विचारलं, हक्का म्हणजे काय. म्हणाल्या, 'हक्' म्हणजे पाहुणा, 'का' म्हणजे घर-कुटुंब. बाहेरून आलेली माणसं. शतकानुशतकं उत्तरेकडून सरकत सरकत दक्षिणेच्या डोंगरात आले, तोवर सुपीक खोरी आधीच्यांनी घेतलेली. या धाग्यामुळे मला उमजलं की आपण मुंबईच्या गाडीवर 'हक्का नूडल्स' लिहितो त्यातला जोडाक्षरी क्क हाच तो मिटलेला क्. मँडरिनमध्ये 'खचिया' म्हणतात, त्यात तो नाही.

त्यांच्याकडची एक म्हण त्यांनी मला पाठ करून घ्यायला लावली : पूर्वजांची जमीन विकू, पण पूर्वजांची बोली विसरणार नाही. म्हणताना त्यांचे डोळे भरले, कारण दोन्ही मुलांना हक्का येत नाही.

माझगावकर

उशिरा येतोय. आमच्या माझगावात डॉकजवळ एक चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, क्वान कुङ् देवाचं. चिनी नववर्षाच्या रात्री तिथे गर्दी होते. नाव 'सी युप कून'. लहानपणापासून बघतोय, पण या नावाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. यातला प सुद्धा तुमच्या त्या मिटलेल्यांपैकी आहे का?

भाषावेडा

अगदी! 'सी' म्हणजे चार, 'युप' म्हणजे तालुका, 'कून' म्हणजे मंडळाचं घर. चार तालुक्यांच्या मंडळींचं घर. शिन्हुइ, ताइशान, काइफिङ् आणि एनफिङ् हे ग्वांगडोंगच्या किनाऱ्याजवळचे चार तालुके. मँडरिनमध्ये हे 'स्स-यी क्वान', प् नाही. कोलकात्याच्या तिरेट्टा बाजारात 'सी इप' नावाचं देऊळ आहे, तेही याच लोकांचं.

टोरोंटोच्या मावशींसाठी : १८५५ ते १८६७ याच चार तालुक्यांच्या भागात मूळचे रहिवासी आणि हक्का यांच्यात भीषण लढाया झाल्या, गावंच्या गावं उजाड झाली. त्या दोन्ही बाजूंची लेकरं पुढे हिंदुस्थानात येऊन राहिली.

चाफेकळी

माझगावकर, एक विनंती. तिथे कुणी जुनं माणूस भेटलं तर ते नाव त्यांच्या तोंडून ऐकाल का? शेवटी ओठ मिटलेले राहतात का, तेवढं बघून सांगा.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं तेही लिहिते. सिंगापुरात १९७९ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली. वेगवेगळ्या भाषांचे चिनी लोक एका भाषेत एकत्र यावेत, मुलांवर शाळेत ओझं पडू नये, हा हेतू. पाठोपाठ रेडिओ-टीव्हीवरून होक्किएन, कँटनीज कार्यक्रम गेले. २०२० च्या जनगणनेत घरी मुख्यतः अशी चिनी भाषा बोलणारे ८.७ टक्के उरले होते. आमाचा नातू इंजिनियर आहे, गुणी मुलगा आहे, दर रविवारी येतो. आमा बोलतात ते त्याला अर्धंच कळतं. तो मान डोलावतो, त्या त्याला वाढत राहतात. आजीनातवाचं जेवण इतकं गप्प मी आपल्याकडे कधी पाहिलं नाही.

तैवानमध्ये मात्र चित्र थोडं वळलं. १९८८ च्या डिसेंबरमध्ये हक्का लोक 'माझी मातृभाषा परत द्या' म्हणत तैपेईच्या रस्त्यावर उतरले. आज तिथल्या मेट्रोत होक्किएन आणि हक्का दोन्हींत घोषणा होतात. ग्वांगझूतही २०१० च्या जुलैत टीव्हीवरची कँटनीज कमी करण्याच्या प्रस्तावावरून लोक जमले होते.

माझी लेक आता नऊ वर्षांची आहे. मँडरिन सोडून तिने दुसरा विषय घेतला, पण आमाशी ती होक्किएनच बोलते. शेजाऱ्यांच्या भाषेत जेवढं येतं तेवढं.

इचलकरंजीचा

त्या दुकानातल्या मालकाची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिला तिओच्यू कळायची, पण उत्तर मँडरिनमध्ये द्यायची. बापाने कधी तक्रार केली नाही, पण ती मँडरिन बोलली की तो चहाचा पेला उचलायचा आणि थोडा वेळ काही बोलायचा नाही.

माझगावकर

काल संध्याकाळी जाऊन आलो. एक वयस्क गृहस्थ दिवा लावायला आले होते. हिंदीत विचारलं, नाव तुमच्या भाषेत म्हणून दाखवाल का. तीनदा म्हणाले. ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले, नीट पाहिलं. पण पहिलं अक्षर 'सी' नव्हतंच. ल म्हणायला जीभ लावायची आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी हवा फुंकायची, तसं काहीसं. 'ह्लेइ-यिप्'. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तर माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं आणि मग कुठे मान हलवली.

भाषावेडा

माझगावकर, तुमचे कान फार तीक्ष्ण आहेत. ही खास ताइशानची खूण. कँटनीजच्याच गटातली बोली, पण ग्वांगझूचा 'स' तिथे असा ल-फुंकर होतो. ग्वांगझूच्या माणसालाही ती पटकन कळत नाही. पुन्हा गेलात तर त्यांना 'तीन' म्हणायला सांगा. 'साम' म्हणणार नाहीत, 'ह्लाम' म्हणतील.

चाफेकळी

म्हणजे शीर्षकात एक राहूनच गेला. आत्ताच आमाकडे जाऊन त्यांना म्हणून दाखवला. त्यांनी दोनदा करून बघितला, आणि मग लेकीला शेजारी बसवून तिच्याकडूनही.